पदयात्रेचा पूर्वाभ्यास : वारीची वाट आणि भूदानाची वाटचाल

१

एखाद्या परोपकारी कार्यासाठी दूरचा पल्ला पायी गाठावयाचा, त्या निमित्ताने लोकांकडून दान मिळवावयाचे आणि त्यासाठी मित्र व कुटुंबीय यांच्या संगतीने आधीपासून चालण्याचा सराव करावयाचा, ही प्रथा आधुनिक पाश्चात्त्य जगाची देणगी आहे असे सामान्यतः समजले जाते. ह्या समजुतीला थोडाबहुत आधारही आहे. हाँगकाँगमध्ये १९८१ साली गुरखा सैनिकांच्या सरावासाठी आखलेली शंभर किलोमीटरांची डोंगरवाट १९८६ पासून नागरिकांना खुली झाली. चौघांच्या गटाने ती अठ्ठेचाळीस तासांच्या आत पार करावी व त्या निमित्ताने जमलेला निधी ऑक्सफॅम ह्या संस्थेच्या दारिद्र्यनिवारणाच्या कार्यास द्यावा, असा तिचा नियम ठरला. आणि पुढे हा उपक्रम इतर देशांतही पसरला. परंतु दानासाठी चालणे आणि त्या चालण्यासाठी आधी स्वतःला घडविणे, ह्या दोन गोष्टींचा संयोग महाराष्ट्राच्या इतिहासात त्यापूर्वी तीस वर्षे, आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर, घडून आला होता. विनोबा भावे यांची भूदान पदयात्रा हे त्याचे उदाहरण होय.

भूदानाच्या इतिहासाचा आरंभ बहुधा १८ एप्रिल १९५१ ह्या दिवशी पोचमपल्ली येथे घडलेल्या प्रसंगापासून केला जातो. तो प्रसंग अकस्मात घडला हे खरे. पण त्याच्या आकस्मिकतेवर भर दिल्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न मागे राहतो. पंचावन्नाव्या वर्षी, पोटातील व्रणाने त्रस्त असलेला, दही-दुधाच्या मोजक्या आहारावर राहणारा मनुष्य दररोज दहा-बारा मैल चालू लागतो आणि तेरा वर्षे चालत राहतो, हे कोणत्या पूर्वतयारीमुळे शक्य झाले? ह्या तयारीचे दोन भाग दिसतात. एक भाग महाराष्ट्राच्या समाजजीवनाने शतकानुशतके केलेल्या तयारीचा, आणि दुसरा विनोबांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीस-पस्तीस वर्षे केलेल्या साधनेचा. ह्या दोन्ही भागांचा विचार केल्यावर तिसरा प्रश्न अपरिहार्यपणे उभा राहतो. तो म्हणजे, कोणत्या गोष्टीची तयारी झालीच नाही?

२

पहिल्या भागाचा विचार करण्यास बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा आणि त्याच्या आसपासचा प्रदेश सोयीचा आहे. गोदावरीच्या दक्षिणेचा हा अवर्षणप्रवण मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. उत्तरेस पैठण, नैर्ऋत्येस भगवानगड, दक्षिणेस नारायणगड अशा वारकरी परंपरेच्या स्थानांच्या मधे तो वसलेला आहे. फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, आसपासच्या गावांतील दिंड्या पैठणला पायी जातात. आषाढात एकनाथांची पालखी पैठणहून निघून रायमोहा, पाटोदा, खर्डा, परांडा ह्या मार्गाने पंढरपूरला पोहोचते. दोन्ही गडांच्या दिंड्याही त्याच सुमारास पंढरीची वाट धरतात. फाल्गुनातील यात्रा दोन-तीन मजलांची, आषाढातील दोन-अडीच आठवड्यांची. सरावाचा हेतू कोणाच्या मनात नसतो. तथापि लहान पल्ल्यानंतर मोठा पल्ला हा क्रम पंचांगानेच लावून दिलेला आहे.

वारीसाठी स्वतंत्र सराव करण्याची गरज ह्या प्रदेशातील माणसाला पूर्वी भासत नसे, कारण त्याचा सारा दिनक्रमच पायांवर उभा होता. नांगरामागे चालणे, आठवड्याच्या बाजाराला दोन-तीन कोस जाणे-येणे, उन्हाळ्यात दूरच्या विहिरीवरून पाणी आणणे, ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. पुढे ऊसतोडणीसाठी बिऱ्हाडासह कारखान्यांच्या मुलखाकडे जाण्याची पाळी ह्याच भागातील हजारो कुटुंबांवर आली, आणि बैलगाडीबरोबरची ती वाटचाल हौसेची नव्हती. म्हणून ह्या भागातील चालण्याच्या क्षमतेचे वर्णन करताना तिच्यामागील दारिद्र्य दृष्टीआड करून चालणार नाही.

मात्र क्षमता आणि शिस्त ह्या दोन वेगळ्या गोष्टी होत. वारीने दिली ती शिस्त. दिंडीत प्रत्येकाची जागा ठरलेली असते. पुढे पताकाधारी, मग टाळकरी व मृदंगी, त्यांच्यामधे विणेकरी, मागे तुळशीवृंदावन व पाण्याची घागर डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया. पहाटेची काकडआरती, मधला विसावा, दुपारचे जेवण, सायंकाळचा मुक्काम, हरिपाठ व कीर्तन अशा वेळा बांधलेल्या असतात. आळंदी-पंढरपूर पालखी सोहळ्याला आजची शिस्तबद्ध घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली, आणि इतर पालख्यांच्या व्यवस्थेतही तिचे प्रतिबिंब दिसते. दिवसभरात किती चालावे, कोठे थांबावे, मागे पडलेल्यास कसे सांभाळावे, अनोळखी गावात उतरल्यावर कसे वागावे, ह्याचे ज्ञान अशा रीतीने लक्षावधी लोकांत पसरले.

ह्या शिक्षणाची शाळा म्हणजे कुटुंब. वारी घराण्यात चालते. बापाची वारी मुलगा पुढे चालवितो, सासूबरोबर सून प्रथम पंढरी पाहते. आषाढी एकादशी पेरणीच्या दिवसांनंतर लगेच येत असल्याने घरातील कोणी जावयाचे आणि कोणी मागे राहून शेत, गुरे व लहान मुले सांभाळावयाची, हे ठरविल्यावाचून कोणालाच निघता येत नाही. म्हणजे वारी ही चालणाऱ्याची जितकी असते तितकीच घरी राहणाऱ्याचीही असते. वाटेवरील गावेही पाहुण्यांची सोय करून ह्या सोहळ्यात सामील होतात. कोठे पिठले-भाकरीची पंगत, कोठे पायांना तेल. दान येथेही आहे. पण ते चालणाऱ्याला मिळते, आणि त्याची परिणती पुण्यात होते. चालणाऱ्याने तिसऱ्याच कोणासाठी दान मागावे, ही कल्पना वारीत नाही. भूदानाने घातलेली भर ती हीच.

३

विनोबांच्या वैयक्तिक तयारीचा आरंभ बडोद्यातील विद्यार्थिदशेत सापडतो. ब्रह्मचाऱ्याने पादत्राण वापरू नये ह्या शास्त्रवचनाचा शब्दशः स्वीकार करून ते भर दुपारी अनवाणी मैलोगणती भटकत. त्याचा दुष्परिणाम डोळ्यांवर झाला, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. ह्या भटकंतीत त्यांना मित्रांची सोबत असे. गोपाळराव काळे, रघुनाथ धोत्रे प्रभृती मित्रांसह त्यांनी १९१४ च्या सुमारास विद्यार्थी मंडळ काढले. शिवजयंती शहरात साजरी न करता रानात जाऊन करावी, असे एकदा ह्या मित्रांनी ठरविले. वर्ग चुकविल्याबद्दल दंड होणार हे गृहीत धरून दुसऱ्या दिवशी सर्वांनी पैसे बरोबरच आणले. प्रसंग पोरपणाचा आहे. परंतु नियम मोडावयाचा तर त्याची किंमत आधी खिशात ठेवावयाची, ही वृत्ती पुढील सत्याग्रही जीवनाशी सुसंगत आहे. ह्या मित्रांपैकी काही जण पुढे आश्रमात आले; धाकटे बंधू बाळकोबा आणि शिवाजी यांनीही तोच मार्ग धरला. विनोबांची साधना एकांतात झाली असे जे चित्र रेखाटले जाते, त्यात ह्या मित्रांना आणि भावंडांना फारसे स्थान मिळालेले नाही. ते द्यावयास हवे.

जून १९१६ मध्ये विनोबा गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढील वर्षी त्यांनी वर्षभराची रजा घेऊन वाई येथे नारायणशास्त्री मराठे यांच्याजवळ शास्त्राध्ययन केले. त्या वर्षाचा हिशेब देणारे जे पत्र त्यांनी १९१८ च्या आरंभी गांधीजींना पाठविले, ते ह्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. प्रकृती सुधारावी म्हणून प्रथम रोज दहा-बारा मैल चालणे, नंतर सहा-आठ शेर धान्य दळणे, आणि अखेरीस तीनशे सूर्यनमस्कार व त्याच्या जोडीला फिरणे, असा व्यायामाचा क्रम त्यात नोंदलेला आहे. त्याच वर्षी चार-पाच जिल्ह्यांतून सुमारे चारशे मैलांची पायी यात्रा त्यांनी केली. रायगड, सिंहगड असे किल्ले पाहिले, गावोगावी गीतेवर प्रवचने दिली. चालण्याची व्यायामातून यात्रेत आणि यात्रेतून लोकशिक्षणात झालेली परिणती ह्या एकाच वर्षात पाहावयास मिळते. १९५१ ची बीजे येथे आहेत.

दुसरा टप्पा १९३८ चा. प्रकृती अगदी ढासळल्यामुळे विनोबा वर्ध्याजवळील पवनार येथे धाम नदीकाठी राहावयास गेले तेव्हा त्यांचे वजन ८८ पौंड होते. विश्रांतीच्या जोडीला त्यांनी शेत खणण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी काही मिनिटे, दुसऱ्या दिवशी थोडी अधिक, अशा पायरीपायरीने ते काम वाढवीत नेले, आणि सुमारे दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर आले. आजचा कोणताही प्रशिक्षक दीर्घ पल्ल्याच्या पादचाऱ्यास जो उपदेश करील, त्याचेच हे अनुसरण होय.

तिसरा टप्पा सुरगावचा. तुरुंगातून सुटून आल्यावर १९४६ पासून दीड वर्षाहून अधिक काळ ते पवनारहून तीनेक मैलांवरील सुरगाव येथे खांद्यावर फावडे घेऊन रोज सफाईसाठी जात. एकदा वाटेतील ओढ्याला पूर आल्याने पलीकडे जाता येईना. तेव्हा त्यांनी पलीकडच्या तीरावरील माणसास हाक मारून, गावचा सफाई-कामगार येऊन गेला असे देवळातल्या देवाला सांग, असा निरोप दिला आणि ते परत फिरले. अडथळा येईल तेथपर्यंत जावयाचे, पण खंड पडू द्यावयाचा नाही, हा नेम वारकऱ्याच्या नेमाहून वेगळा नाही. वारी चुकू न देण्याची जी तळमळ, तीच येथे सेवेच्या क्षेत्रात आलेली दिसते.

४

मार्च १९५१ मध्ये शंकरराव देव यांनी हैदराबादजवळील शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनास येण्याचा आग्रह धरला, तेव्हा विनोबांनी पायी येण्याचे ठरविले. पवनारच्या आश्रमात त्या वेळी कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशावाचून जगण्याचा प्रयोग चालू होता. त्यामुळे आगगाडीच्या तिकिटापेक्षा पायी जाणेच सुसंगत होते. ८ मार्च रोजी मोजक्या सहकाऱ्यांसह ते निघाले आणि तीनशेहून अधिक मैल चालून ७ एप्रिलला पोहोचले. दिवसाकाठी सरासरी दहा मैल पडतात. १९१७ मधील रोजच्या चालीचे आणि ह्या चालीचे प्रमाण जवळजवळ तेच आहे.

संमेलनानंतर त्यांनी तेलंगणाची वाट धरली. पोचमपल्ली येथे चाळीस हरिजन कुटुंबांनी ऐंशी एकर जमिनीची मागणी केली आणि रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देऊ केले. सुमारे दोन महिन्यांच्या त्या यात्रेत बारा हजार एकरांच्या घरात जमीन मिळाली. त्या वेळी तेलंगण आणि मराठवाडा हे दोन्ही एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी लागते. पोचमपल्ली आणि चकलांबा ह्या गावांत भाषा, पीक व जमीनधारणा यांचे अंतर असले, तरी १९४९ चे जहागिरी निर्मूलन आणि १९५० चा हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा दोहोंनाही लागू होता. आणि कायदा होऊनही भूमिहीनाच्या हाती जमीन पडत नाही, हा अनुभवही समान होता.

१२ सप्टेंबर १९५१ रोजी विनोबा पवनारहून पुन्हा निघाले व सुमारे आठशे मैल चालून १३ नोव्हेंबरला दिल्लीस पोहोचले. पुढे उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, आंध्र, तामिळनाडू, केरळ, कर्नाटक अशी ही यात्रा विस्तारत गेली. पहाटे तीन-चारच्या सुमारास प्रार्थना, कंदिलाच्या उजेडात प्रस्थान, ऊन चढण्यापूर्वी मुक्काम, दुपारी भेटी व सूतकताई, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना व प्रवचन, हा दिनक्रम दिंडीच्या दिनक्रमाशी इतका मिळताजुळता आहे की एकाची छाया दुसऱ्यावर पडली असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. शरीराने मात्र नेहमीच साथ दिली असे नाही. डिसेंबर १९५२ मध्ये चांडील येथे विषम हिवतापाने ते इतके आजारी पडले की जीव वाचेल की नाही अशी शंका निर्माण झाली. आरंभी नाकारलेले औषध त्यांनी अखेर घेतले, आणि बरे झाल्यावर ते पुन्हा चालू लागले.

दान मागण्याची त्यांची रीतही कुटुंबाच्या भाषेत होती. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनमालकास सांगत. दान म्हणजे समान वाटणी, हा शंकराचार्यांनी केलेला अर्थ त्यांना अभिप्रेत होता. वारीत कुटुंब चालणाऱ्याला वाटेस लावते. भूदानात चालणारा अनोळखी कुटुंबात मुलगा म्हणून शिरतो आणि आपला हिस्सा दुसऱ्याच्या पदरात टाकतो. ह्या रूपकाचे सामर्थ्य मोठे होते, आणि त्याची मर्यादाही त्यातच होती. हिस्सा द्यावयाचा की नाही, कोणता तुकडा द्यावयाचा, हे घराचा कर्ताच ठरविणार होता.

५

वारी आणि भूदान ह्या दोन वाटा १९५८ च्या मे महिन्यात पंढरपूर येथे एकत्र आल्या. सर्वोदय संमेलन तेथे भरले, आणि विनोबांनी भिन्नधर्मीय सहकाऱ्यांसह विठ्ठलमंदिरात प्रवेश करून दर्शन घेतले. अकरा वर्षांपूर्वी, मे १९४७ मध्ये, हेच मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले होते. ज्या देवाच्या वाटेवर लोक शतकानुशतके एकत्र चालत आले, त्याच्या दाराशी काहींना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत थांबावे लागले, ह्या वस्तुस्थितीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

इरावती कर्वे यांनी स्वतः वारी चालून लिहिलेल्या ‘वाटचाल’ ह्या लेखात दिंड्यांतील जातवार पंगती त्यांना कशा खुपल्या ते नमूद केले आहे. एकाच वाटेने जाणारी, एकाच नामाचा गजर करणारी माणसे जेवावयास वेगवेगळी बसत होती. ह्यावरून असे दिसते की चालण्याचा अभ्यास माणसाला पुष्कळ काही शिकवितो. सहनशीलता, वेळेची शिस्त, दुबळ्याला सांभाळून घेणे हे त्यातून येते. पण समता त्यातून आपोआप येत नाही. तिचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि तो पायांच्या अभ्यासाहून अवघड आहे.

६

भूदानाच्या फलिताविषयी बरेच लिहिले गेले आहे. १९५७ पर्यंत पाच कोटी एकर मिळविण्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात सुमारे ४२ लाख एकरांची दानपत्रे मिळाली, आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक वाटा एकट्या बिहारचा होता. ह्या जमिनीचा मोठा भाग वाटला गेला नाही. काही जमीन लागवडीस निरुपयोगी निघाली, काहीवर तंटे होते, काही दानपत्रांना कायदेशीर आधार नव्हता, काही दाते किंवा त्यांचे वारस पुढे फिरले. टीकाकारांनी ह्याचे खापर दात्यांच्या अप्रामाणिकपणावर फोडले, समर्थकांनी शासनाच्या दिरंगाईवर. दोन्ही कारणे खरी आहेत. तथापि येथवर केलेल्या विवेचनातून एक तिसरे कारण पुढे येते.

चालण्याची तयारी तीस-पस्तीस वर्षे झाली होती, आणि तिला वारीची शतकांची पार्श्वभूमी होती. मागण्याचीही तयारी झाली होती. प्रवचन, कीर्तन, प्रार्थना यांची परंपरा त्यासाठी सिद्धच होती. परंतु मिळालेली जमीन मोजणे, तिचा हक्क तपासणे, भूमिहीनांची निवड करणे, त्यांना बैल, बी व पाणी मिळवून देणे, आणि दहा वर्षांनी ती जमीन कोणाच्या ताब्यात आहे हे पाहणे, ह्या कामांचा पूर्वाभ्यास झालेला नव्हता. यात्रा एका गावातून दुसऱ्या गावी पहाटेच निघत असे. आणि वाटपाचे काम नेमके यात्रा निघून गेल्यानंतर सुरू होई. यात्रेमागे राहणाऱ्यांचे महत्त्व वारीने ओळखले होते, कारण घरी राहून गुरे राखणाऱ्याशिवाय वारी होत नाही. भूदानात हे मागे राहणारे मनुष्यबळ अपुरे पडले. जेथे स्थानिक कार्यकर्ते चिकाटीने ठाण मांडून बसले तेथे जमीन टिकली, आणि जेथे तसे कोणी नव्हते तेथे दानपत्रे कागदावर राहिली.

१० एप्रिल १९६४ रोजी विनोबा पवनारला परतले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह आरंभिला, आणि पडीक व गायरान जमिनींची मागणी दान म्हणून न करता हक्क म्हणून केली. मराठवाड्यातील भूमिहीन त्यापूर्वीच अशा लढ्यात उतरले होते. पदयात्रा संपण्याचा आणि सत्याग्रह सुरू होण्याचा हा कालानुक्रम केवळ योगायोग मानता येईल. पण त्यातून प्रश्नाचे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. दात्याच्या अंतःकरणाला आवाहन करणारा पादचारी थांबला, आणि ज्याच्यासाठी तो चालत होता तो स्वतः वाटेवर आला.

धर्मादाय पदयात्रांचे मूल्यमापन आजही पुष्कळदा कापलेल्या मैलांवरून आणि जमलेल्या निधीवरून केले जाते. भूदानाचा इतिहास ह्याहून वेगळ्या मोजमापाची गरज दर्शवितो. चकलांब्यासारख्या एखाद्या गावाच्या संदर्भात हे मोजमाप करावयाचे असेल, तर अभ्यासकाला प्रवचनांच्या वृत्तान्तांबरोबर तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार नोंदीही पाहाव्या लागतील; दान कोणत्या वर्षी झाले, नोंद कधी झाली, आणि पुढच्या पिढीत सातबाराच्या उताऱ्यावर नाव कोणाचे राहिले, हे एकामागोमाग एक ताडून पाहावे लागेल. पदयात्रेची खरी लांबी दानपत्रावरील सहीपासून त्या नावापर्यंत मोजावयाची असते. बहुतेक ठिकाणी हे अंतर यात्रेच्या साऱ्या मैलांहून मोठे ठरले, आणि त्याच्यासाठी कोणाचेही पाय तयार केलेले नव्हते.